झाड तशी कीड

परसांतील कढीलिंबावर पावसाळ्यांत एक अळी हमखास दिसते. लहान असतांना ती पक्ष्याच्या शिटेसारखी काळीपांढरी असते, मोठी झाली म्हणजे पानासारखी हिरवी होते, आणि डिवचली तर मानेजवळून दोन तांबूस शिंगें बाहेर काढून उग्र दर्प सोडते. कढीलिंबाची फांदी शेजारच्या वांग्याच्या झाडावर टेकलेली असली तरी ही अळी वांग्याच्या पानास तोंड लावीत नाहीं. उचलून तेथें ठेविली तर उपाशी राहील, पण खाणार नाहीं. हीच अळी संत्र्याच्या रोपवाटिकेंत कोंवळी पालवी फस्त करते, कागदी लिंबावर असते, बेलावर असते. उलट बांधावरच्या रुईवर काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या पट्ट्यांची जी अळी वाढते, तिला बेलाशीं कांहीं कर्तव्य नाहीं. ज्या रुईला गुरें टाळतात, तीच तिचें अन्न.

आपल्या शेतकरी बंधूंपैकीं ज्यानें हें पाहिलें नाहीं असा क्वचितच कोणी असेल. परंतु असें कां व्हावें, आणि त्याचा आपल्या पिकाशीं संबंध काय, याचा विचार आपण फारसा करीत नाहीं. आमच्या मतें तो केल्यावांचून आतां गत्यंतर नाहीं. २०१७ सालीं विदर्भांत व मराठवाड्यांत गुलाबी बोंडअळीनें कापसाचें जें नुकसान केलें, तें ज्यांनीं सोसलें त्यांना हा विषय केवळ करमणुकीचा वाटणार नाहीं. ती अळी मध्यंतरीं नाहींशी झाल्यासारखी होऊन पुन्हां कां बळावली, याच्या उत्तराचा आरंभ कढीलिंबावरच्या अळीपासूनच होतो.

प्रथम संख्येची गोष्ट सांगतों. ज्या कीटकांना शास्त्रज्ञांनीं आजवर नांवें दिलीं त्यांच्या जाती दहा लाखांच्या घरांत आहेत, आणि त्यांपैकीं जवळजवळ निम्म्या वनस्पतींवर जगतात. आतां पान खाऊन जगणें ही दिसते तितकी सोपी गोष्ट नाहीं. कीटकांचे जे सुमारे तीस गण मानतात, त्यांपैकीं थोड्याच गणांना तें साधलें. पण ज्यांना साधलें त्यांचा विस्तार अफाट झाला. १९८८ सालीं मिटर, फॅरेल व वीगमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं कीटकांच्या भाऊबंद शाखांच्या १३ जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडींत एका शाखेनें वनस्पतीचा आहार धरलेला, दुसरीनें न धरलेला. १३ पैकीं ११ जोड्यांत वनस्पति खाणाऱ्या शाखेच्याच जाती अधिक निघाल्या. तेव्हां झाडाशीं संबंध जुळला कीं कीटकाच्या जाती वाढतात, हें केवळ अनुमान राहिलें नाहीं.

याचें कारण झाडाच्या स्वभावांत आहे. झाडाला पाय नाहींत. शत्रु चालून आला तर त्याला पळतां येत नाहीं. म्हणून तें आपल्या पानांत, सालींत व बियांत नाना तऱ्हेचीं विषें साठवून ठेवितें. मोहरीचा झणका, कडुनिंबाचा कडूपणा, रुईचा चीक, तंबाखूंतील निकोटिन, कापसाच्या पानावर व सरकींत जे बारीक काळे ठिपके दिसतात त्यांतील गॉसिपॉल, हीं सर्व त्याच कामाचीं. आपण त्यांतील कशाला मसाला म्हणतों, कशाला औषध म्हणतों. झाडानें तीं आपल्यासाठीं केलेलीं नाहींत. पूर्वीं पुष्कळ विद्वान या द्रव्यांना वनस्पतीच्या पोषणांतील निरुपयोगी गाळ समजत असत. गॉटफ्रीड फ्रेंकेल यांनीं १९५९ सालीं तें मत खोडून काढलें आणि तीं कीटकांविरुद्धचीं शस्त्रें आहेत असें ठामपणें मांडलें.

आतां ज्या कीटकाला एखादें विष पचवितां आलें, त्याला तें झाड जणूं इनामच मिळालें. इतर कोणी तेथें फिरकत नाहीं. सारी पानें त्याचीं. एवढेंच नव्हे, तर ज्या वासानें इतरांनीं दूर रहावें, तोच वास त्याला खाणें येथें आहे असें सांगूं लागतो. हॉलंडांतील वनस्पतिशास्त्रज्ञ फेर्शाफेल्ट यांनीं १९१० सालीं याचा सुंदर प्रयोग केला. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपांखराच्या अळ्या ज्या पानांना एरवीं शिवत नसत, त्या पानांना त्यांनीं मोहरीवर्गांतील झणक्याचें द्रव्य चोपडलें, तेव्हां अळ्या तीं पानें खाऊं लागल्या. म्हणजे अळी पानाचा आकार पाहून किंवा कोंवळेपणा पाहून ठरवीत नाहीं; तिच्या पूर्वजांनीं ज्या विषावर मात केली, त्या विषाच्या खुणेवरून ठरविते.

शास्त्रज्ञ अशा झाडाला त्या कीटकाची यजमान वनस्पति म्हणतात. आमची हयात महसुलाच्या दप्तरांत गेली, त्यामुळें आम्हांला मालक आणि कूळ हे शब्द अधिक जवळचे वाटतात. झाड हा मालक, कीटक हें कूळ. मालक कुळाला घालविण्याचे उपाय करीत असतो, आणि कूळ पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट सोडीत नाहीं. फरक इतकाच कीं, या तंट्यांत तडजोड करावयास मामलेदार नाहीं.

या तंट्याचा इतिहास पॉल अर्लिक व पीटर रेव्हन या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९६४ सालीं लिहिला. कोणत्या फुलपांखराची अळी कोणत्या झाडावर पोसते याच्या याद्या त्यांनीं समोरासमोर मांडल्या. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें. एखाद्या वनस्पतीला नवें विष साधलें म्हणजे तिचे शत्रु मागें पडतात, तिचा वंश फोफावतो व त्यांतून पुष्कळ नव्या जाती होतात. पुढें केव्हांतरी एखाद्या कीटकाला त्या विषावर तोड सांपडते. मग त्या सबंध वनस्पतिकुळाची जमीन त्याच्यापुढें मोकळी असते, आणि एकेका झाडाशीं जुळवून घेतां घेतां त्याच्याही अनेक जाती होतात. मोहरी-कोबीच्या बाबतींत हें बरेंच स्पष्टपणें दाखवितां आलें आहे. पानांतील द्रव्यापासून झणका उत्पन्न होण्याऐवजीं निराळें सौम्य द्रव्य व्हावें, असें करणारें एक प्रथिन कोबीवरच्या पांढऱ्या फुलपांखराच्या अळीच्या आंतड्यांत असतें. तें २००४ सालीं उघडकीस आलें. मोहरीसारखीं झाडें पृथ्वीवर उत्पन्न झाल्यावर सुमारे एक कोटि वर्षांच्या आंत या फुलपांखरांच्या पूर्वजांनीं तीं काबीज केलीं, आणि ज्या शाखेला हें साधलें तिच्या जाती भाऊबंद शाखेहून अधिक झाल्या.

रुईचें उदाहरण आणखी चमत्कारिक आहे. रुई-कण्हेरीच्या विषाचा मारा प्राण्याच्या पेशींतील ज्या एका प्रथिनावर होतो, त्या प्रथिनांत मोक्याच्या जागीं बदल झालेले कीटक फुलपांखरांत सांपडले, भुंगेऱ्यांत सांपडले, ढेकूणवर्गांत सांपडले आणि माश्यांतही सांपडले. नात्यानें हे एकमेकांपासून फार दूर. पण मालक सारखे असल्यामुळें कुलुपाची किल्ली बहुतेक एकच निघाली.

कढीलिंबावरच्या अळीचें गमकही यांतच आहे. कढीलिंब, बेल, संत्रें व लिंबूं हीं एकाच वनस्पतिकुळांतलीं आहेत. परंतु हीच अळी बावचीवरही आढळते, आणि बावची तर तूर-हरभऱ्याच्या कुळांतली! हा घोटाळा वाटतो, पण नाहीं. बावचींत सोरालेन नांवाचें द्रव्य असतें, किंबहुना त्या द्रव्याचें नांवच बावचीच्या शास्त्रीय नांवावरून पडलें. आणि त्याच घराण्याचीं द्रव्यें लिंबाच्या कुळांतही असतात. वनस्पतिशास्त्रज्ञ फुलें पाहून कुळें ठरवितात. अळी आपलीं कुळें चवीवरून ठरविते.

येथपर्यंत कोट्यवधि वर्षांची गोष्ट झाली. वाचक म्हणतील, आमच्या आज्याच्या व नातवाच्या काळांत यांतलें काय घडतें? तें पहावयाचें तर अमेरिकेंत, न्यूयॉर्क प्रांतांतील हडसन नदीच्या खोऱ्यांतील सफरचंदांच्या बागांत गेलें पाहिजे. कारण तेथें एका किडीची नवी शाखा फुटतांना लोकांनीं पाहिली आहे.

त्या देशांत हॉथॉर्न नांवाचें एक कांटेरी झुडूप मूळचें आहे. त्याला लहान लाल फळें येतात, आणि आपल्याकडे पेरू-आंब्यांत जशी फळमाशीची अळी होते तशी या फळांत एका माशीची अळी होते. सफरचंद हें तेथलें मूळचें झाड नव्हे; तें युरोपांतून गेलेल्या लोकांनीं सतराव्या शतकांत नेलें. पुढें दोनशें वर्षें सफरचंदांत ही अळी कोणाला आढळली नव्हती. १८६० नंतरच्या दशकांत हडसनच्या खोऱ्यांतील बागाइतदार तक्रार करूं लागले कीं, सफरचंदें आंतून पोखरलेलीं निघतात.

या तक्रारीचा अर्थ ज्यानें ओळखला तो बेंजामिन वॉल्श. हा मूळचा इंग्लंडचा, केंब्रिज येथें शिकलेला. पण अमेरिकेंत इलिनॉय प्रांतांत जाऊन त्यानें बरींच वर्षें शेती केली, नंतर लांकडाचा व्यापार केला, आणि कीटकांचा अभ्यास त्यानें हातीं घेतला तो उतारवयांत. पुढें तो त्या प्रांताचा पहिला सरकारी कीटकशास्त्रज्ञ झाला. डार्विनशीं त्याचा पत्रव्यवहार असे. एकाच जातीच्या कीटकांपैकीं कांहींनीं निराळ्या झाडावर संसार थाटला, तर कालांतरानें तेवढ्यामुळेंच त्यांची निराळी जाति होऊं शकेल, असें त्यानें १८६४ सालीं लिहिलें होतें. आणि १८६७ सालीं त्यानें या सफरचंदावरच्या माशीकडे बोट दाखविलें. मधें डोंगर नाहीं, समुद्र नाहीं, एकाच कुंपणाच्या दोन बाजूंचीं झाडें, आणि तेवढ्यानें जाति निराळी व्हावी, हें म्हणणें पुष्कळ विद्वानांना पुढें शंभर वर्षें पटलें नाहीं. गाय बुश यांनीं १९६० नंतरच्या दशकांत तो प्रश्न पुन्हां हातीं घेतला, आणि १९८८ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें कीं, सफरचंदावरच्या माश्या आणि हॉथॉर्नवरच्या माश्या यांच्या आनुवंशिक घडणींत खरोखरच भेद पडला आहे.

हें कसें झालें तें शेतकऱ्याला समजण्यास कठीण नाहीं. या माशीची वर्षांतून एकच पिढी होते. अळी फळाबरोबर जमिनीवर येते, मातींत शिरून कोश करते, आणि पुढच्या उन्हाळ्यांत माशी होऊन वर निघते. तिचें आयुष्य सुमारें महिन्याचें. सफरचंद हॉथॉर्नच्या आधीं तीन-चार आठवडे पिकतें. तेव्हां ज्या माश्या थोड्या लौकर निघाल्या त्यांना सफरचंद मिळालें, ज्या उशीरां निघाल्या त्यांना हॉथॉर्न. नर-मादी भेटतात तेंही फळावरच. म्हणून लौकर निघणाऱ्यांची सोयरीक बहुतेक आपसांतच झाली. शिवाय जी माशी ज्या फळांत वाढली तिच्या वंशाला त्या फळाचा वास प्रिय आणि दुसऱ्याचा नकोसा, हेंही प्रयोगांनीं सिद्ध झालें आहे. सफरचंदांतली अळी मातींत लौकर जाते, म्हणजे थंडी पडण्यापूर्वीं तिला अधिक उबदार दिवस काढावे लागतात. ज्यांची झोंप गाढ नाहीं त्या अवेळीं जाग्या होऊन मरतात. अशा रीतीनें झाडाच्या पंचांगाप्रमाणें माशीचें पंचांग बदललें. दोन्ही शाखांत अद्याप दर पिढीस शेंकडा चार ते सहा इतकी सरमिसळ होते, म्हणून त्यांना पुरत्या वेगळ्या जाती म्हणवत नाहीं. पण वाट तिकडचीच आहे.

आणि गोष्ट तेथेंही थांबली नाहीं. या अळीच्या अंगांत अंडीं घालणारी एक बारीक गांधीलमाशी आहे. अळीचा वंश जसा फळाप्रमाणें दुभंगला, तसा तिच्यावर जगणाऱ्या या गांधीलमाशीचाही वंश दुभंगूं लागला आहे, असें २००९ सालीं सिद्ध झालें. माणसानें एक फळझाड नेऊन लाविलें. त्यावर एक माशी फुटली, आणि माशीवर तिचा शत्रु फुटला. किडींच्या जाती दहा लाख कां, या प्रश्नाचें उत्तर आम्हांला या एका बागेंत जितकें स्पष्ट दिसलें तितकें कोठेंही दिसलें नाहीं.

आपल्याकडचें उंबर फोडून पहाणाऱ्याला निराळी शिकवण मिळते. त्यांत जे बारीक किडे असतात त्यांना लोक नांवें ठेवितात. वस्तुतः त्या उंबराच्या फुलांचें परागीभवन करणाऱ्या व त्यांच्यासंगें राहणाऱ्या इवल्याशा गांधीलमाश्या होत. उंबराची निराळी, वडाची निराळी, पिंपळाची निराळी. या वर्गांतील झाडांच्या सातशेंहून अधिक जाती आहेत, आणि बहुतेकांची आपापली माशी ठरलेली आहे. येथें मालक व कूळ यांचा तंटा नाहीं, भागीदारी आहे. एक बुडाला तर दुसरा बुडेल.

आतां आपल्या शेताकडे वळूं. गुलाबी बोंडअळी ही आपल्या मुलखाला नवी नव्हे. शास्त्रांत तिचें पहिलें वर्णन १८४३ सालीं झालें, आणि त्याचे नमुने गेले होते भडोचहून, तेथल्या सरकारी कापूसलागवडींतून. ही अळी कापसाच्या कुळाला बांधलेली आहे. भेंडी, अंबाडी यांवर ती सांपडते, पण तिचें खरें घर कापसाचें बोंड. पाती-फुलांवर व बोंडांवर पतंग अंडीं घालतो, अळी निघतांच आंत शिरते आणि सरकी खाते. फुलांत शिरली तर पाकळ्या जाळ्यानें गुंडाळून डोमकळी करते. हिच्या शेजारीं दुसरी अळी ठेवून पहा. हरभऱ्यावर जिला आपण घाटेअळी म्हणतों, तुरीवर जी शेंगा पोखरते आणि कापसावर जिला हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी म्हणतात, ती तिन्ही ठिकाणीं एकच. दीडशेंहून अधिक वनस्पतींवर ती पोसते. एकीचा संसार एका घरीं, दुसरीचा गांवभर.

मातींतील एका जीवाणूचें विष कापसाच्या झाडांतच उत्पन्न व्हावें अशी जी योजना झाली तिला बीटी कापूस म्हणतात. आपल्या देशांत त्याला २००२ सालीं परवानगी मिळाली. दोन विषांचें वाण २००६ सालीं आलें. आणि थोड्याच वर्षांत कापसाच्या क्षेत्रापैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक क्षेत्र बीटीखालीं गेलें. अर्लिक व रेव्हन यांची गोष्ट वाचकांनीं येथें आठवावी. मालकाच्या हातीं एक नवें शस्त्र आलें, आणि कुळावर प्रसंग आला. झाडानें जें कोट्यवधि वर्षांत केलें असतें तें आपण एका हंगामांत केलें, इतकाच भेद.

दोन्ही अळ्या प्रथम मेल्या. पुढें त्यांचें जें झालें तें त्यांच्या यजमानांवरून झालें. गुलाबी अळी एक विषाच्या बीटीला दाद देत नाहीं, असें २०१० सालीं गुजराथेंत जाहीर झालें. त्यानंतर चार-पांच वर्षांत दोन विषांचीही तीच गत झाली, आणि २०१७ सालीं आपली पाळी आली. हिरवी अळी मात्र बीटीपुढें पुष्कळ अंशीं नमूनच राहिली. असें कां? अळी प्रयत्न करून विष पचवावयास शिकली, असें कोणीं समजूं नये. आपण खळ्यावर चांगलीं कणसें निवडून बी धरतों, तशीच ही निवड आहे. हजारों-लाखों अळ्यांत एखादी उपजतच विष सोसणारी असते. गुलाबी अळीच्या भोंवतीं जिकडे पहावें तिकडे बीटी कापूसच, त्यामुळें बाकीच्या सर्व मेल्या व तेवढ्याच उरल्या. त्यांची सोयरीक आपसांतच झाली, आणि सोसण्याचा गुण वंशांत पक्का झाला. हिरव्या अळीचा निम्माशिम्मा गोतावळा तुरींत, हरभऱ्यांत, टोमॅटोंत होता, जेथें तें विष नव्हतें. तेथून आलेले साधे पतंग कापसांतल्या सोसणाऱ्या पतंगांशीं मिळाले आणि तो गुण पातळ होत राहिला.

यावर कोणी विचारील, हिरवी अळी मग फवाऱ्याला कां जुमानीनाशी झाली होती? १९८७ च्या हंगामापासून आंध्रांत व पुढें इतरत्र तिनें पायरेथ्रॉइड औषधांना दाद दिली नाहीं, हें खरें. परंतु तें औषध आपण कापसावर मारलें, तुरीवर मारलें, हरभऱ्यावरही मारलें. गांवांतलें एकही घर तिला निर्विष ठेविलें नाहीं. तेव्हां नियम तोच राहिला.

भातावरचा तपकिरी तुडतुडा हाही एकाच झाडाला बांधलेला. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें १९७३ सालीं त्याला दाद न देणारें आयआर-२६ हें वाण काढलें, आणि दोन-तीन वर्षांतच तें खाणारा तुडतुडा तयार झाला.

बीटीच्या पिशवीबरोबर नॉन-बीटी बियाण्याची जी १२० ग्रॅमची पुडी मिळत असे, तिचा अर्थ वरील हकीगतीवरून ध्यानांत येईल. शेताच्या कडेनें निदान पांच ओळी, किंवा शेंकडा वीस क्षेत्र, त्या बियाण्याचें लावावें, असा नियम होता. पुष्कळांनीं ती पुडी बांधावर फेंकून दिली. आम्ही त्यांना सर्वस्वीं दोष देत नाहीं; पांचवा हिस्सा जमीन अळीला खाऊं घाला असें सांगावयाचें, आणि कां तें सांगावयाचें नाहीं, तर कोणता कुणबी ऐकेल? अलीकडे तें बियाणें मुख्य बियाण्यांतच मिसळून देण्याची पद्धति निघाली आहे. चीनमध्यें यांग्त्से नदीच्या खोऱ्यांत हें जवळजवळ अजाणतां घडलें. तेथें बीटी व साध्या कापसाच्या संकराचें दुसऱ्या पिढीचें बियाणें स्वस्त पडतें म्हणून लोकांनीं लाविलें. त्यांत चवथा हिस्सा झाडें आपोआपच बिनविषाचीं निघतात. २०१० पर्यंत तेथें गुलाबी अळीची सोसण्याची शक्ति वाढत चालली होती, ती २०१० ते २०१५ या काळांत उतरली.

परंतु आपल्याकडे तो गुण वंशांत इतका पसरल्यावर नुसत्या त्या पुडीनें भागेल असें आम्हांला वाटत नाहीं. एका घराला बांधलेल्या किडीचें बळ जेथें आहे तेथेंच तिचें मर्म आहे: घर मोडलें तर तिला दुसरें घर नाहीं. घाटेअळीला हा उपाय चालत नाहीं, गुलाबीला चालतो. म्हणूनच फरदडीचा प्रश्न आम्ही येथें स्पष्टपणें मांडतों. पाणी आहे, चार बोंडें अधिक येतील, म्हणून कापूस फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभा ठेवावयाचा, याचा अर्थ अळीच्या दोन-तीन पिढ्या फुकट पोसावयाच्या. पीकपाहणीच्या कागदावर आम्ही लिहीत असूं तेव्हां खरीप संपलेला असे. अळीचा हंगाम मात्र चालूच. फरदडीचे चार-दोन मण ज्याच्या घरीं येतात त्याचा लाभ डोळ्यांना दिसतो. त्या शेतांतून उडालेल्या पतंगांनीं पुढच्या वर्षीं शेजाऱ्याचें जें बुडतें तें कोणाच्या वहींत लागत नाहीं. हें काम एकट्या शहाण्याचें नव्हे. पतंग सर्व्हे नंबर पाहून थांबत नाहीं. गांवानें एक दिवस ठरवून डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटली आणि तिचे ढीग बांधावर न ठेवितां भुकटी करून खतांत घातली, तरच उपयोग.

अमेरिकेंत ही अळी १९१७ सालीं टेक्सास प्रांतांत पोंचली होती. तेथें बीटी कापूस, वांझ केलेले पतंग सोडणें, आणि काढणीनंतर पऱ्हाट्या नष्ट करण्याची सक्ति, हे उपाय सर्वांनीं मिळून वर्षानुवर्षें चालविले, आणि २०१८ सालीं तेथल्या सरकारनें व्यापारी कापसाच्या क्षेत्रांतून ती निर्मूल झाल्याचें जाहीर केलें. ज्या अळीनें आपल्याकडे बीटी पचविला, तीच अळी तेथें त्याच बीटीच्या साह्यानें संपली. पुंजी व यंत्रें त्यांच्याजवळ अधिक, हें खरें. पण पऱ्हाटी उपटण्यास यंत्र लागत नाहीं.

पेरणीच्या बाबतींतही हाच हिशेब धरावा. हंगाम संपतांना जी अळी सुप्तावस्थेंत जाते ती सरकींत, वाळल्या बोंडांत किंवा मातींत पडून राहते व उन्हाळ्याअखेर पतंग होऊन निघते. त्या वेळीं शिवारांत पाती-फुलें नसतील तर तो पतंग अंडीं घालण्यास योग्य जागा न मिळतां मरतो. मे महिन्यांत ओलिताच्या बळावर कोणीं कापूस लाविला कीं त्याच्या पहिल्या फुलांवर सबंध गांवचे पतंग जमतात, आणि तेथून पुढच्या पिढ्या इतरांच्या शेतांत जातात. घराजवळ उन्हाळी भेंडी असेल तर तिच्या फळांकडेही लक्ष असावें. राहिला प्रश्न जिनिंगच्या आवारांतील सरकीच्या व किडक्या कवड्यांच्या ढिगांचा. पऱ्हाटी काढल्यावरही हे ढीग मेपर्यंत तसेच उघडे पडले, तर पुढच्या वर्षीचे पतंग तेथूनच निघतील. म्हणून पऱ्हाटीचा दिवस ठरवितांना गांवानें जिनिंगवाल्यांनाही त्याच बैठकीस बोलवावें, आणि त्या आवारांत कामगंध सापळे लावण्याचा खर्च कोणीं सोसावयाचा तें तेथेंच ठरवून घ्यावें.